आजोबा दोन

साउंडच्या टेबलावरचा पांढऱ्या चिकटपट्टीचा तो तुकडा एका टोकाला सुटून वर आला होता, आणि त्यामुळे त्याच्यावर निळ्या पेनाने लिहिलेला शब्द जरा वाकडा दिसत होता — आजोबा. त्याच्या डावीकडच्या तुकड्यावर दोम्ब्रा, त्याच्या पलीकडे ढोल, आणखी पलीकडे गायिका… प्रत्येक तुकड्याच्या वर एकेक सरकतं बटण, आणि बटणांच्या त्या रांगेत उजवीकडे शेवटचा आजोबा. बाकी सगळ्यांना वाद्याचं नाहीतर कामाचं नाव, आणि मी एकटा नातं. सिबिज्गी एवढा शब्द लिहायला काय जागा नव्हती? मुकाशने अंगठ्याने ते सुटलेलं टोक दाबून बसवलं. अंगठा काढला तसं ते सावकाश पुन्हा वर आलं.

"हात नका लावू, आगाय. काहीतरी सरकेल, मग मी शोधत बसेन." साउंडवाला एरसाइन टेबलाखाली तारांमध्ये गुंतला होता, त्याचं फक्त डोकं बाहेर आलं.

"आगाय म्हणतोस, म्हणजे मास्तर आहे मी. सरकवलेलं जाग्यावर ठेवायची सवय आहे मला," मुकाश म्हणाला, आणि रंगमंचाकडे निघाला.

दहा वाजत आले होते. बारा वाजता नौरिजचा, नव्या वर्षाचा, कार्यक्रम सुरू व्हायचा होता. संस्कृतिभवनाच्या मागच्या अंगणात कढई चढली होती आणि बाउरसाकचे पिठाचे गोळे तळल्याचा वास सभागृहात शिरून मखमली पडद्यांत मुरत होता. मुकाशने सिबिज्गी, देठाची ती लांब बासरी, पिशवीतून काढली, ओठांच्या कोपऱ्यात दातांशी टेकवली, आणि नेहमीप्रमाणे आधी घसा लावला. आधी घसा — मग फुंक. सेइत मामाने त्याला शिकवलेली पहिली गोष्ट हीच. या पोकळ देठात दोघं राहतात, मामा म्हणायचा, वर सूर राहतो आणि खाली खर्ज. सूर ओठांचा, खर्ज घशाचा. खालच्याने आधी उठून चूल पेटवायची असते, मग वरचा खाली येतो… मामा मेंढपाळ होता, त्याच्या सगळ्या उपमा चूल आणि मेंढ्या यांच्या होत्या.

आज त्याला ती घोडीची धून वाजवायची होती. पुरात शिंगरू वाहून गेलं आणि घोडी नदीच्या काठाने धावत राहिली, एवढीच तिची गोष्ट. वर घोडी हाका मारते. खाली, घशात, नदी वाहते. मुकाशने ती आयुष्यात किती वेळा वाजवली असेल याचा हिशोब त्याच्याजवळ नव्हता, पण आजच्यासारखं कारण कधी नव्हतं. आज त्याची अकरा मुलं पहिल्या रांगेत बसणार होती. गेली सहा वर्षं त्याच्या वर्गातल्या एकाही मुलाला खर्ज लावता आला नव्हता. एकालाही नाही! बोटं चांगली, फुंक चांगली, सूर स्वच्छ — आणि खाली काही नाही. घोडी आहे, नदी कुठाय, असं तो त्यांना दर आठवड्याला विचारायचा, आणि ती एकमेकांकडे बघायची. वर्गाची खिडकी रस्त्यावर उघडते, लाकडाचे ट्रक जातात, मुलांचे कान मोबाइलने मऊ झालेत… म्हणून त्याने ठरवलं होतं, की एकदा मोठ्या सभागृहात, मोठ्या आवाजात त्यांना ऐकवायचं. मग कळेल. न कळून सांगतील कुणाला.

त्याने पहिली ओळ वाजवली आणि थांबला. पायाशी ठेवलेल्या स्पीकरच्या काळ्या खोक्यातून सूर येत होता. नुसता सूर.

"एरसाइन! खाली काही नाही."

"काय नाही?"

"खर्ज. तू कापलायस."

"थांबा." एरसाइनने काहीतरी दाबलं. "खालचं कापायचं बटण असतं, ते सगळ्यांनाच लावलेलं असतं. वारा, पायांचा धपधप आवाज वगैरे जावा म्हणून. आता काढलं. वाजवा."

मुकाशने वाजवलं. नुसता सूर.

यानंतर बराच वेळ गेला. एरसाइन रंगमंचावर चढला, माइक खाली केला, मग जवळ घेतला, मग दुसरा एक छोटा माइक आणून मुकाशच्या गळ्यापाशी सदऱ्याला लावला. प्रत्येक वेळी तो धावत टेबलापाशी जायचा आणि तिथून हात वर करायचा, आणि मुकाश वाजवायचा, आणि खोक्यातून तीच घोडी कोरड्या जमिनीवरून धावत यायची. मागच्या वर्षी याच पोराने त्याच्या सुराला प्रतिध्वनी लावला होता. डोंगरात वाजतंय असं वाटायला हवं, म्हणाला होता. डोंगर बाहेर उभे आहेत, आत कशाला आणतोस, असं मुकाशने भर सभेत विचारलं होतं आणि लोक हसले होते. ते मनात धरून बसला असेल का? पण एरसाइन तसा नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो घाम खरा दिसत होता — याचाच मुकाशला जास्त राग आला.

"आगाय, रागावू नका," एरसाइन शेवटी रंगमंचाच्या कडेशी येऊन म्हणाला. "दोन माइक लावले. काही कापलेलं नाही. खोटं बोलत असेन तर भाकरी गोड लागणार नाही मला. तुम्ही म्हणता ते आत येतच नाहीये, मग मी बाहेर कुठून काढू?"

"येत नाही म्हणजे? घुमतोय तो! इथे — माझ्या कवटीत घुमतोय."

"कवटीत माइक लावता आला असता तर लावला असता."

मागे खुर्च्यांवर लाल पट्ट्या बांधणारी रौशान हसली. संस्कृतिभवन तीच चालवायची. मुकाशने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती पुन्हा पट्टीची गाठ मारू लागली, पण खांदे हलत होते.

"मी मघाचं रेकॉर्ड केलंय," एरसाइनने हेडफोन पुढे केले. "दोन मिनिटं लागतील. तुम्हीच ऐका आणि मला सांगा, काय कापलं."

काळे, जाड, कानांच्या जागी चामड्याच्या गाद्या असलेले हेडफोन. मुकाशने ते पाहिले. हात पुढे केला नाही.

"कानाला बुचं लावून स्वतःलाच ऐकायची वेळ अजून आली नाही माझ्यावर," तो म्हणाला.

"आगाय…"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून वाजवतोय मी. मला माहीत आहे काय वाजतंय ते."

"अरे एरसाइन, करून दे ना बाबा काहीतरी," रौशान मागून म्हणाली. "तासाभरात लोक यायला लागतील. तुमचं दोघांचं दर वर्षीचं आहे हे. चला आगाय, चहा घ्या, तोवर तो करतो."

एरसाइन काही क्षण हेडफोनची तार बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "करतो. बारापर्यंत करतो."

बघा — मुकाशच्या मनात आलं — करता येतं म्हणजे. मनात आणलं की येतं.

रौशानच्या खोलीत चहा दुधाचा आणि दाट होता. समोरचं काचेचं कपाट, ज्यात इतकी वर्षं जुन्या टेपांच्या चकत्या रचलेल्या असायच्या, रिकामं होतं; त्यात आता शाळेतल्या मुलांनी जिंकलेले पेले ठेवले होते.

"टेपा कुठे गेल्या?"

"हिवाळ्यात एरसाइनने सगळ्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या. भुसा पडत होता त्यांचा नुसता. तुमची ती तरुणपणी रेडिओसाठी वाजवलेली पण आहे. ऐकली मी. काय हो, केवढा आवाज होता तुमचा!"

होता, म्हणाली. बायका असं बोलतात, सहज. होता — म्हणजे तेव्हाही होता, आणि आता… मुकाशने बाउरसाक चहात बुडवला, तो पेल्यातच तुटून पडला.

सेइत मामाने त्याला कानाने शिकवलंच नव्हतं. उन्हाळ्याच्या कुरणात, तंबूच्या बाहेर, मामा पाठमोरा बसायचा आणि म्हणायचा, हात ठेव. मुकाश सात वर्षांचा होता. मामाच्या पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, तो तळहात ठेवायचा, आणि मग मामा वाजवायचा. कान बाजूला ठेव, मामा म्हणायचा, कान चोर असतात, गोड तेवढं उचलतात. तळहात प्रामाणिक. पाठ मेंढीच्या लोकरीच्या वासाची, उन्हाने तापलेली, आणि आत — पाण्याची गिरणी फिरावी तसं काहीतरी फिरत असायचं, मुकाशच्या कोपरापर्यंत चढायचं, दातांत यायचं. आठ दिवसांनी त्याचा घसा आपोआप तसा फिरू लागला. कुणी सांगितलं नाही, असं कर, तसं कर. मुलांना सांगून काही येत नाही. मुलं घेतात. तुमच्याजवळ जे असेल ते घेतात… चाळीस वर्षांच्या मास्तरकीत मुकाशला एवढंच एक कळलं होतं, आणि ते तो नव्या मास्तरांना नेहमी सांगायचा.

त्यानेही आधी तसंच शिकवलं. घरी, ओसरीवर, एका वेळी एक मूल, पाठीवर हात. मग संस्कृतिभवनात खोली मिळाली, खुर्च्या मिळाल्या, फळा मिळाला. अकरा मुलं अकरा खुर्च्यांवर समोर बसू लागली आणि पाठीमागे कुणी उरलं नाही. केव्हा झालं हे? सहा वर्षं. हो, सहाच.

आणि शोल्पान. दहा वर्षांची, दोन वेण्या, नखं कुरतडणारी. सगळ्यांत चांगला कान तिचा. एकदा ऐकलेली धून ती दुसऱ्या दिवशी वाजवून दाखवायची. थंडीत एकदा वर्ग संपल्यावर ती थांबली होती. आगाय, तुम्ही खालचा आवाज म्हणता, तो कुठला? मला नाही ऐकू येत. लक्ष नाही तुझं, तो म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने तिला दोनदा वाजवून दाखवलं, आणि ती डोळे मिटून, मान पुढे काढून ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती स्वतःच रडवेली झाली होती. त्यानंतर तिने विचारलं नाही. मान हलवून हो म्हणू लागली. मला ते खटकलं होतं — मूल खोटं हो म्हणतं तेव्हा कळतं मास्तरला — पण मी ते आळसाच्या खात्यात टाकलं आणि पुढचा धडा घेतला.

बारा वाजता सभागृह भरलं. निवेदिकेने त्याचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या झाल्या. अकरा मुलं पहिल्या रांगेत, ओळीने, पाय जमिनीला न टेकलेले. मुकाशने त्यांच्याकडे पाहून एक बोट कानाला लावलं — ऐका. मग सिबिज्गी दातांशी टेकवली आणि घसा लावला.

आणि खोक्यातून खर्ज आला.

आला! खाली, जाड, ओला, खडबडीत. पायाखालच्या फळ्यांतून त्याच्या टाचांत चढला. आपल्याच आवाजाची अशी गाठ पडून किती वर्षं झाली होती! बघ पोरा — त्याने अंधारात टेबलाच्या दिशेने मनातल्या मनात म्हटलं — बघ, येत होता की नाही? कापणारे तुम्हीच, आणि येत नाही म्हणणारेही तुम्हीच. त्याने वर सूर सोडला. घोडी काठावर आली. पहिल्या रांगेत शोल्पानचं तोंड उघडं पडलेलं त्याला दिसलं, तिने शेजारच्या मुलाचा दंड घट्ट धरला होता, आणि मुकाशच्या छातीत असं काही भरून आलं की ओळ जरा लवकर संपली आणि त्याने श्वास घेतला.

नदी वाहत होती.

त्याने श्वास घेतला तेव्हा सूर थांबला, घसा थांबला — थांबतोच, श्वास घेणं आणि सोडणं एकाच वेळी कुणाला जमतं — आणि खर्ज मात्र तसाच, एका उंचीवर, न हलता चालू होता. सभागृहाचा घुमारा असेल. भिंती मोठ्या आहेत… त्याने दुसरी ओळ घेतली. बोटं धावत होती, त्यांना काही सांगावं लागत नव्हतं. दुसरा श्वास. त्याने तो मुद्दाम लांबवला. एक, दोन, तीन. नदी वाहत होती.

मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याने सात वर्षांचा असल्यापासून कधी केली नव्हती. सूर चालू ठेवला आणि घसा सोडून दिला. घसा गप्प केला. कवटीतली घरघर बंद झाली, तिथे एकदम एखाद्या रिकाम्या खोलीसारखी शांतता पसरली, आणि त्या शांततेत बाहेरून, खोक्यातून, भिंतींवरून त्याचा खर्ज येतच राहिला. माझ्यावाचून.

थांबावं. सिबिज्गी खाली घ्यावी आणि म्हणावं, लोकहो, हे मी नाही. किंवा ओरडावं, एरसाइन, बंद कर. पण अकरा जोड्या पाय हवेत लोंबत होते, आणि ते सगळे चेहरे पहिल्यांदा, सहा वर्षांत पहिल्यांदा, जिथे ऐकायला हवं तिथे ऐकत होते. तो थांबू शकला नाही. पुढेही जाता येत नव्हतं, पण पुढे जाणं बोटांकडे होतं आणि ती गेली. त्याने घसा पुन्हा लावला. कशाला लावला? त्याला कळलं नाही. आता कवटीत एक होता आणि बाहेर एक, आणि दोन्ही एकाच सुरात होते, आणि बाहेरचा मोठा होता, तरुण होता, त्याला श्वासाची गरज नव्हती. घोडी शिंगराला हाका मारत काठाने धावत शेवटच्या ओळीपर्यंत पोचली. सूर संपला. त्यानंतर नदी हळूहळू, कुणीतरी बोटाने मायेने खाली सरकवावी तशी, विरत गेली.

टाळ्या किती वेळ चालल्या ते त्याच्या लक्षात राहिलं नाही.

मध्यंतरात तो टेबलापाशी आला. चिकटपट्टीचा सुटलेला तुकडा तसाच होता. त्याच्या उजवीकडे, सकाळी जिथे काही नव्हतं तिथे, नवाकोरा, चारही टोकांनी नीट चिकटलेला एक तुकडा होता — आजोबा २.

एरसाइन उभा राहिला. त्याने आधी मुकाशच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

"तुमचाच आहे, आगाय. दुसऱ्या कुणाचा नाही घेतला. रेडिओच्या त्या टेपेत सुरुवातीला तुम्ही नुसता खर्ज लावलाय, सूर यायच्या आधी. तीन सेकंद. तेवढाच घेतला आणि जोडत गेलो. सांगावं की नको, कळेना. तुम्ही हेडफोन घेतले नाहीत…"

"हं."

"चुकलं का माझं?"

सकाळी या पोराशी भांडायला किती शब्द होते! कापलं म्हण, मनात धरलं म्हण, भर सभेत हसव. आता हा विचारतोय, आणि याच्या प्रश्नाला हो म्हणावं तर ते खोटं आणि नाही म्हणावं तर… हेडफोन टेबलाच्या खिळ्याला लटकत होते. मुकाशने ते हातात घेतले. चामडं गार होतं. सकाळी त्याने ते घेतले नव्हते, कारण तो मास्तर होता, कारण त्याला माहीत होतं — काय माहीत होतं? मुलाच्या 'हो'सारखं, मान हलवून, बघायचं टाळून माहीत होतं. शोल्पान तीनदा सांगत होती. ऐकू येत नाही, आगाय. तिचा कान चांगला होता. तुमच्याजवळ जे असेल ते मुलं घेतात. सहा वर्षं वर्गातल्या मुलांनी प्रामाणिकपणे, एक कणही न सांडता, त्याच्याजवळ होतं तेवढं सगळं — नुसता सूर — घेतलं होतं.

त्याने हेडफोन पुन्हा खिळ्याला लावले.

"आगाय! आगाय!"

शोल्पान खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढत आली, तिच्या हातात अर्धा बाउरसाक होता आणि ओठांना साखर. "आला! आज आला खालचा आवाज! मला ऐकू आला! तुम्ही म्हणत होता तो हाच ना?"

एरसाइनने मान वळवली आणि कुठल्यातरी तारेचं टोक उगाच काढून पुन्हा खोचलं.

"हाच," मुकाश म्हणाला.

"मग एवढे दिवस का नाही आला?"

एवढे दिवस का नाही आला… इतका सरळ प्रश्न, आणि चाळीस वर्षांची मास्तरकी. मुलाला कळत नाही असं काही नसतं, सांगणाऱ्याला सांगता येत नाही एवढंच असतं — हेही तोच नव्या मास्तरांना सांगायचा.

"करून दाखवू?" ती उत्तरासाठी थांबलीच नव्हती. "मी मगाशी खुर्चीवर बसून करून बघितला. बघा हं." तिने बाउरसाक एरसाइनच्या टेबलावर ठेवला, ओठ मिटले, भुवया आवळल्या.

मुकाशने तिला पाठमोरी केली आणि दोन वेण्यांच्या मधोमध आपला तळहात ठेवला. हे उलटं होतं, त्याला जाणवलं. हात नेहमी मुलाचा असतो आणि पाठ मास्तरची. आधी काही नाही. लोकरीच्या जाकिटाखाली एक छोटं, घाईत असलेलं काळीज. मग खालून कुठून तरी एक घरघर उठली, अडखळली, पुन्हा उठली, सापडली, आणि त्याच्या तळहातात फिरू लागली. त्याच उंचीवर. टेपेवरच्या तीन सेकंदांच्या त्या माणसाच्या उंचीवर. ती घरघर लांबत गेली, लांबतच गेली. तिची मान लाल झाली, खांदे वर चढले, पाठ थरथरू लागली.

"श्वास घे," मुकाश म्हणाला. "श्वास घे, बाळा!"

ती धापा टाकत वळली. "पण तुम्ही तर घेत नव्हता!"

एरसाइन तारा सोडून उभा होता. बाहेर अंगणात कुणीतरी मुलांना कढईपाशी बोलावत होतं. नदीसुद्धा श्वास घेते, असं म्हणता आलं असतं. मामा असता तर मेंढ्यांचं काहीतरी म्हणाला असता. खरं म्हणता आलं असतं. ते या दोन तुकड्यांवर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं, तिला वाचता येत होतं, फक्त बोट दाखवायचं होतं.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "आणि संपला की घे. माझ्याकडे बघू नको."

ती पुन्हा पाठमोरी झाली. त्याने हात ठेवला. घरघर आली — आता सोपी, जवळची — आणि कोपरापर्यंत चढली, दातांत आली. त्याला मामाची पाठ आठवली, ऊन आठवलं, आणि त्याच वेळी लक्षात आलं की त्याच्या स्वतःच्याही घशात काहीतरी चाललं आहे, मुलाबरोबर मास्तर नेहमी नकळत म्हणतो तसं, कवटीत, मोठ्याने. तळहातात होती ती घरघर तिची होती, की ही त्याचीच हातापर्यंत उतरलेली… सांगता येईना. शिकवताना तो कधी गप्प राहिला नव्हता.

त्याने घसा बंद केला.

तळहाताखाली काही नव्हतं. ती श्वास घेत होती. मुकाश हात तसाच ठेवून, घसा बंद ठेवून, ती पुन्हा लावायची वाट बघत थांबला.